परवाना खोडाचा, घाव मुळांवर

मालवण शहरात किंवा लगतच्या वायरी, तारकर्ली, देवबाग, कुंभारमाठ या गावांत घर बांधायला काढले, की कामाची सुरुवात साधारण एकाच क्रमाने होते. आत गाडी जावी म्हणून गडग्याचा एक तुकडा पाडतात. मग जेसीबी येतो, जागा सपाट करतो. चिऱ्यांचा ट्रक माडांच्या मधून वळतो, वाळू-खडी आंब्याच्या सावलीत ओतली जाते आणि तिथेच सिमेंट कालवले जाते. मालकाने हौसेने राखलेली झाडे या सगळ्यात उभीच असतात. घरभरणीच्या दिवशीही ती हिरवीगार दिसतात. दोन-चार पावसाळे गेले की आंब्याचा शेंडा वाळू लागतो, माडाची चुडते आखूड येतात, बोंडे गळतात. लोक म्हणतात, झाडाला रोग लागला. पुढे ते झाड धोकादायक ठरते आणि ते पाडायला रीतसर परवानगी मिळते. कागदोपत्री त्या बांधकामात एकही झाड तुटलेले नसते. झाड तोडायला परवाना लागतो ही गोष्ट आता बहुतेकांना ठाऊक आहे. पण घर बांधताना झाड कुऱ्हाड न लावताही मरते आणि आपली परवान्याची पद्धत हे मरण मोजतच नाही. म्हणून झाडाची परवानगी खोडापुरती न पाहता मुळांच्या क्षेत्रासह पाहिली पाहिजे, आणि ती बांधकामाच्या परवानगीआधी, त्याच नकाशावर ठरली पाहिजे, हे या लेखाचे म्हणणे आहे.

कायदा या बाबतीत समजला जातो तितका लंगडा नाही. शहरांसाठी ‘महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५’ आहे. त्याखाली महापालिका आणि नगरपरिषदांत वृक्ष प्राधिकरण व वृक्ष अधिकारी असतात आणि हद्दीतल्या झाडांची गणना करणे हे प्राधिकरणाचे काम असते. झाड खासगी जागेतले असले तरी ते तोडण्यासाठी झाडाचे वर्णन, जागेचा नकाशा आणि कारण देऊन लेखी अर्ज करावा लागतो. महत्त्वाची गोष्ट अशी, की या कायद्याने झाड तोडण्यात ते जाळणे आणि त्याला कोणत्याही प्रकारे इजा करणे हेही धरले आहे. म्हणजे पायाच्या चरात आंब्याची मांडीएवढी मुळे यंत्राने उखडली, तर तीही विनापरवाना तोड ठरू शकते. व्यवहारात मात्र अर्जाचा सगळा रोख ‘किती झाडे पाडायची’ या आकड्यावर असतो. जे झाड पाडायचे नाही त्याचा अर्ज होत नाही. अर्ज नाही म्हणून पाहणी नाही, आणि पाहणी नाही म्हणून झाड आधी कसे होते याचा कागद नाही. पुढे ते वाळले तर बांधकामामुळे वाळले हे कोण सिद्ध करणार? इजेला मनाई करणारे कलम पुस्तकात आहे, पण ते लागू करण्याची वेळ कधी येतच नाही.

शहराची हद्द ओलांडली की कायदाच बदलतो. ग्रामपंचायतींच्या भागात ‘महाराष्ट्र झाडे तोडणे (विनियमन) अधिनियम, १९६४’ लागू आहे आणि परवानगी वनखात्याच्या अधिकाऱ्याकडून घ्यावी लागते. हा कायदा अनुसूचीतल्या ठरावीक जातींपुरता आहे. त्यात साग, खैर, चंदन, हिरडा, आंबा, फणस, चिंच, जांभूळ, ऐन, किंजळ ही झाडे येतात. माड, पोफळ, काजू, रातांबा त्यात नाहीत. त्यामुळे मालवण शहरातल्या परड्यातला माड पाडायला नगरपरिषदेची परवानगी हवी आणि हद्दीपलीकडे तारकर्लीत तोच माड आडवा करायला कोणाला विचारायला नको, अशी स्थिती आहे. पर्यटनासाठीची नवी घरे, निवास-न्याहारीच्या खोल्या आणि रिसॉर्ट मोठ्या प्रमाणात उठतात ते याच हद्दीपलीकडच्या माडबनांत. सागरी किनारा नियमन क्षेत्राचे नियम तिथे लागू होतात, पण ते भरतीरेषेपासूनचे अंतर मोजतात. त्या अंतराबाहेरच्या माडाची दखल ते घेत नाहीत. शेजारच्या गोव्याने या प्रश्नाचा धडा अलीकडेच घेतला. गोव्यात १९८४ पासून वृक्षसंरक्षणाचा कायदा आहे. जानेवारी २०१६ मध्ये विधानसभेने दुरुस्ती करून माडाला त्याच्या कक्षेतून बाहेर काढले. माडाला फांद्या नसतात, म्हणून शास्त्राप्रमाणे तो वृक्ष नव्हे, असा युक्तिवाद तेव्हा झाला. माडाखालच्या जमिनी बांधकामासाठी मोकळ्या करण्याचा हा डाव आहे, अशी टीका झाली, राज्यभर गदारोळ उठला आणि पुढच्याच वर्षी आलेल्या नव्या सरकारने माडाचे संरक्षण परत दिले. मालवणच्या किनाऱ्यावर असा वाद झाला नाही, कारण हद्दीबाहेरच्या माडाला काढून घेण्यासारखे संरक्षण मुळात नव्हतेच.

मुळांविषयी एक गैरसमज सर्वत्र आहे. झाड जितके उंच, तितकी मुळे खोल, असे मानले जाते. प्रत्यक्षात मोठ्या झाडांची अन्नपाणी शोषणारी बहुतेक मुळे जमिनीच्या वरच्या दोन-तीन फुटांत असतात आणि फांद्यांच्या घेराच्याही पलीकडे पसरतात. त्यांना पाण्याइतकीच हवाही लागते. त्यामुळे मुळे न छाटताही झाड मारता येते. जागा सारखी करण्यासाठी खोडाभोवती फूटभर मातीचा भराव टाकला, ट्रकच्या फेऱ्यांनी जमीन दाबली गेली किंवा अंगणभर फरशी बसवली, तरी मुळे हळूहळू गुदमरतात. सिमेंट धुतलेले पाणी जमिनीत मुरले, की तिथल्या मातीचा कस बिघडतो. जांभ्याच्या कातळावर माती मुळात पातळ असते आणि मुळे कातळाच्या भेगा शोधत आडवी जातात. तिथे एक चर खणला तरी त्या बाजूचा सगळा पुरवठा तुटतो. माडाची गोष्ट थोडी वेगळी आहे. त्याला सोटमूळ नसते, बुंध्यापासून सारख्या जाडीच्या मुळांचा झुबका निघतो. काही मुळे तुटली तरी तो नवी काढतो, म्हणून तो सोशिक वाटतो. पण त्याच्या खोडावरची जखम आंब्याच्या जखमेसारखी भरून येत नाही. ट्रक घासून सोललेले किंवा परांचीसाठी खिळे ठोकलेले खोड कायमचे उघडे राहते, आणि सोंड्या भुंग्याला अंडी घालायला अशाच जखमा हव्या असतात. झाड लगेच मरत नाही, हीच या सगळ्यातली मुख्य अडचण आहे. भोगवटा प्रमाणपत्र मिळते, ठेकेदाराचे बिल चुकते, आणि झाडाचा ऱ्हास त्यानंतर डोळ्यांना दिसू लागतो.

मग मुळांचे क्षेत्र मोजायचे कसे? हा प्रश्न वाटतो तितका अवघड नाही. ब्रिटनमध्ये बांधकामाच्या जागेवरील झाडांसाठी एक मानक आहे. त्यानुसार छातीएवढ्या उंचीवर खोडाचा जो व्यास असेल, त्याच्या बारा पट त्रिज्येचे वर्तुळ हे जपायचे मूळक्षेत्र धरतात. आपल्याकडच्या साठ सेंटिमीटर व्यासाच्या, म्हणजे साधारण सहा फूट घेराच्या आंब्याला हे लावले, तर त्रिज्या ७.२ मीटर येते आणि क्षेत्र सुमारे १६३ चौरस मीटर, म्हणजे दीड गुंठ्याहून थोडे अधिक. माडाला हे सूत्र लागू पडत नाही, पण त्याचे उत्तर बागायतदाराला आधीच माहीत आहे. कासरगोडची केंद्रीय रोपण पीक संशोधन संस्था माडाला खत घालण्यासाठी १.८ मीटर त्रिज्येचे आळे करायला सांगते, कारण कामाची मुळे बुंध्याभोवती त्या टापूत दाटलेली असतात. खत जिथे घालायचे, तिथे पाया खणायचा नाही, एवढे साधे गणित आहे. दिल्लीत राष्ट्रीय हरित लवादाने एप्रिल २०१३ मध्ये झाडांभोवतीचे एक मीटरपर्यंतचे काँक्रीट काढण्याचा आदेश दिला होता. ते रस्त्याकडेच्या, आधीच कोंडलेल्या झाडांसाठी होते. परड्यातल्या झाडाला त्याहून अधिक देणे आपल्याला सहज शक्य आहे.

इथे पहिला आक्षेप येतो. पाच गुंठ्यांच्या जागेत असे दोन आंबे असले तर सव्वातीन गुंठे त्यांच्या वर्तुळातच गेले. मग घर बांधायचे कुठे? पण हे वर्तुळ म्हणजे बांधकामबंदीची रेषा नव्हे. त्या ब्रिटिश मानकातही काही भागात, काळजी घेऊन, काम करायला वाव आहे. या रेषेच्या आत काही करायचे असेल तर आधी विचार करा, एवढाच तिचा अर्थ. घर दोन मीटर पूर्वेला सरकवता येईल का? शौचटाकी आणि शोषखड्डा झाडाच्या विरुद्ध बाजूला नेता येतील का? आवारभिंतीचा सलग पाया खणण्याऐवजी मुळे चुकवून खांब उभे करून त्यांवर तुळई टाकता येईल का? वर्तुळातली खोदाई यंत्राऐवजी फावड्याने होईल का? गाडीवाटेवर काँक्रीट ओतण्याऐवजी पाणी मुरेल असे चिरे मोकळे बसवता येतील का? यातला एकही बदल घर रद्द करणारा नाही. आणि कागदावर असताना हे बदल जवळजवळ फुकट असतात. पाया भरल्यावर मात्र ते अशक्य होतात. झाडाची परवानगी बांधकामाच्या परवानगीआधी हवी, ती याच कारणासाठी. आज नकाशा मंजूर होतो आणि मग त्या नकाशात अडथळा ठरणाऱ्या झाडांचा अर्ज येतो. मंजूर नकाशा हातात घेऊन आलेल्या अर्जदाराला नकार देणे कोणत्याही अधिकाऱ्याला जड जाते.

दुसरा आक्षेप भरपाईचा आहे. एक झाड गेले तर अनेक लावू, मग एवढी चिंता कशाला? २०२१ मध्ये राज्याने १९७५ च्या कायद्यात मोठी दुरुस्ती केली. पन्नास वर्षे किंवा त्याहून अधिक वयाच्या झाडाला वारसा वृक्षाचा दर्जा मिळाला आणि तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी नवी झाडे लावणे व ती सात वर्षे जगवणे ही अट आली. हेतू चांगलाच आहे. पण पन्नास वर्षांच्या आंब्याबदली पन्नास आंबे लावायचे म्हटले, तर दहा मीटरच्या जुन्या अंतराप्रमाणे प्रत्येकाला एक गुंठा, म्हणजे एकूण पन्नास गुंठे, सव्वा एकर जागा लागते. पाच गुंठ्यांवर घर बांधणाऱ्याने ती कुठून आणायची? मग रोपे दाटीवाटीने लागतात किंवा शहराबाहेर कुठेतरी लागतात, आणि तिथे त्यांना उन्हाळ्यात पाणी कोण घालतो, याची जबाबदारी विरून जाते. शिवाय ही भरपाई फक्त उघडपणे तोडलेल्या झाडाला लागू होते. बांधकामाच्या इजेने चार वर्षांनी वाळलेल्या झाडाची भरपाई शून्य. म्हणजे प्रामाणिकपणे अर्ज करणाऱ्यावर पन्नास झाडांचा बोजा आणि मुळे छाटून गप्प बसणाऱ्याला मोकळीक, असा उलटा न्याय होतो. तोडीची अट कडक करत गेलो आणि इजेकडे पाहिलेच नाही, तर लोक दुसरा मार्ग निवडतील, यात नवल नाही.

तिसरा आक्षेप सर्वात जुना आणि सर्वात जोरकस आहे. जागा माझी, झाड माझ्या आजोबांनी लावलेले, त्यात नगरपरिषदेने नाक का खुपसावे? झाडाची मालकी खासगीच आहे, यात वाद नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहिताही धारणजमिनीतल्या झाडांवर धारकाचा हक्क मान्य करते. पण घरही मालकाचेच असते. तरीही उंची किती, बाजूला मोकळी जागा किती, सांडपाणी कुठे जाणार, हे नगरपरिषद ठरवते, कारण त्यांचे परिणाम गडग्यापाशी थांबत नाहीत. झाडाचेही तसेच आहे. किनाऱ्यावरच्या वाळूत गोडे पाणी खाऱ्या पाण्यावर पातळ थराने तरंगत असते आणि पावसाचे पाणी मुरेल तेवढाच तो थर टिकतो. एकाने झाडे घालवून अंगणभर काँक्रीट केले, तर शेजारच्या विहिरीलाही त्याची झळ पोहोचते. खासगी मालकी ही वृक्षतोडीची ढाल होऊ शकत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानेही मार्च २०२५ मध्ये स्पष्ट केले. मथुरा-वृंदावन भागातल्या एका खासगी जागेत परवानगीशिवाय ४५४ झाडे तोडली गेली होती, आणि न्यायालयाने झाडामागे एक लाख रुपयांचा दंड कायम केला.

मात्र याच आक्षेपाची दुसरी बाजू कोकणातल्या शेतकऱ्याने मांडली आहे आणि ती गांभीर्याने घ्यायला हवी. ऑगस्ट २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने १९६४ च्या कायद्यातला हजार रुपयांपर्यंतचा दंड पन्नास हजारांवर नेण्याचा निर्णय घेतला, तेव्हा कोकणातून विरोध झाला. त्यात तथ्य होते. इथला शेतकरी झाडे लावतो, वाढवतो, जुनी काढून नवी लावतो. ऐन-किंजळाची छाटणी हा त्याच्या शेतीचाच भाग आहे. प्रत्येक फांदीसाठी कचेरीत खेटे घालावे लागले, तर तो झाड वाढूच देणार नाही. रोप गुडघ्याएवढे असतानाच उपटून टाकील. ज्या कायद्याने झाड मालकाला अडचण वाटू लागते, तो कायदा झाडांचे भले करत नाही. सिंधुदुर्ग जिल्ह्यातच सावंतवाडी-दोडामार्ग पट्ट्यात मुंबई उच्च न्यायालयाने २०१३ मध्ये वृक्षतोडीवर बंदी घातली आणि मार्च २०२४ मध्ये तिथली २५ गावे संवेदनशील क्षेत्र म्हणून जाहीर करण्याचा आदेश दिला. तो सलग जंगलाचा आणि वन्यप्राण्यांच्या वाटेचा प्रश्न होता, तिथे सरसकट बंदीला कारण होते. मालवण किनाऱ्यावरच्या परड्यांना तसली बंदी नको. इथे मागणी नेमकी असावी. बागायतीच्या कामाला मोकळीक ठेवावी, घरगुती छाटणी सोपी करावी आणि मुळांची चौकशी फक्त बांधकामाच्या परवानगीला जोडावी. शेतजमीन घराची जागा होते, तेव्हाच तिथल्या झाडाचा धोका बदलतो. नियमही तिथेच हवा.

चौथा आक्षेप वादळांचा. १६ मे २०२१ रोजी तौक्ते चक्रीवादळ सिंधुदुर्गाच्या किनाऱ्याजवळून गेले, तेव्हा झाडे घरांवर आणि विजेच्या तारांवर कोसळली. त्यानंतर घराशेजारचे झाड म्हणजे संकट, ही भावना बळावली. जीविताला धोका असलेले, मेलेले किंवा वाऱ्याने पडलेले झाड काढण्याची सोय कायद्यात आहे आणि ती हवीच. पण धोका कोणत्या झाडापासून असतो, हेही पाहावे. वारा समुद्राकडून येतो, तेव्हा झाडाला धरून ठेवतात ती पश्चिमेकडची ताणलेली मुळे, तंबूच्या दोरांसारखी. त्याच बाजूला आवारभिंतीचा चर गेला असेल, तर ते झाड वरून कितीही हिरवे असले तरी पुढच्या वादळात घरावर येण्याचा संभव वाढतो. म्हणजे मुळे जपण्याचा नियम झाडाच्या बाजूचा जितका, तितकाच छपराच्याही बाजूचा आहे. ज्या झाडाची मुळे वाचवताच येणार नाहीत, ते परवानगी घेऊन आधीच काढलेले बरे. अर्धवट छाटून उभे ठेवलेले झाड सर्वात घातक.

शेवटचा आक्षेप प्रशासनाचा आहे. छोट्या नगरपरिषदेकडे ना वनस्पतितज्ज्ञ, ना पुरेशी माणसे. हे काम करणार कोण? यासाठी प्रत्येक परड्यात तज्ज्ञ पाठवण्याची गरज नाही. बांधकामाच्या नकाशावर चार गोष्टी सक्तीने दाखवाव्यात. प्रत्येक झाडाची जागा आणि जात, खोडाचा घेर, पाया-टाकी-भिंतीपासूनचे अंतर, आणि जमिनीची पातळी किती उचलणार किंवा उतरवणार. नकाशा काढणारा अभियंता हे टेपने मोजू शकतो. ज्या नकाशात बांधकाम मूळक्षेत्रात शिरते, तेवढ्याच जागांची पाहणी करावी. त्यासाठी कृषी विभागाचे कर्मचारी आहेत, दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाची माणसे आहेत. काम सुरू होण्यापूर्वी राखायच्या झाडांभोवती बांबूचे कुंपण घालावे आणि त्यांची तारखेसह छायाचित्रे घ्यावीत. झाडामागे काही अनामत रक्कम ठेवून ती भोगवटा प्रमाणपत्रानंतर तीन पावसाळे झाड जगल्यावर परत करावी. नव्या रोपांसाठी सात वर्षांची जबाबदारी कायदा टाकत असेल, तर जुन्या झाडासाठी तीन पावसाळ्यांची अट जाचक म्हणता येणार नाही. हद्दीबाहेरच्या गावांत याच अटी बांधकाम परवानगीतच घातल्या, तर माड अनुसूचीत आहे की नाही, हा वाद उरत नाही.

या बदलांची खरी गरज आहे ती गावापासून दूर राहून घर बांधणाऱ्यांना. मुंबईतला चाकरमानी ठेकेदारावर काम सोपवतो आणि गणपतीला येऊन पाहतो. झाडे राखायची त्याची इच्छा असते, पण ती इच्छा जेसीबी चालवणाऱ्यापर्यंत पोहोचत नाही. करारात एक ओळ असेल आणि नकाशावर एक वर्तुळ असेल, तर ती पोहोचते. त्यासाठी सरकारची वाट पाहायचे कारण नाही. नकाशा काढताना अभियंत्याला झाडे दाखवायला सांगा, त्यांच्या मूळक्षेत्रात माल उतरवायचा नाही आणि भराव टाकायचा नाही, असे ठेकेदाराच्या करारात लिहून घ्या. आणि नगरपरिषदेकडे, ग्रामसभेकडे एकच मागणी लावून धरा: ज्या नकाशावर जागेतली झाडे दाखवलेली नाहीत, त्या नकाशाला मंजुरी देऊ नये.